गॅलरीतल्या पोरांची नावं संघाच्या वहीत लिहा

(कोल्हापूरच्या तालीम-मंडळांच्या फुटबॉल कारभाऱ्यांना खुले पत्र)

सन्माननीय वस्ताद, अध्यक्ष, सेक्रेटरी आणि संघव्यवस्थापक मंडळींना,



येत्या हंगामाची खेळाडू नोंदणी सुरू होण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आताच लिहीत आहे. एकदा नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या संघातून कुठं गेला, बाहेरगावाहून कुणाला आणलं, कुणाचं मानधन किती ठरलं, याचीच चर्चा मिरजकर तिकटीपासून रंकाळ्यापर्यंत चालते. मग दुसरं काही ऐकायला तुम्हाला सवड राहत नाही. मला मात्र खेळाडूंविषयी काही म्हणायचं नाही. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्या चौदा ते बावीस वयाच्या पोरांविषयी बोलायचं आहे.

मी पेठेतल्या एका शाळेत शिकवते. सकाळी ही पोरं माझ्यापुढं बाकावर असतात आणि चारच्या सामन्याला गॅलरीत. लहानपणी वडिलांबरोबर फुटबॉल बघायला जायची, अजूनही जमेल तेव्हा जाते. त्यामुळं या पोरांना मी दोन्हीकडून ओळखते. वर्गात प्रश्न विचारला तर मान खाली घालणारा पोरगा तिथं पायरीवर उभा राहून शे-दोनशे जणांकडून एका ठेक्यात टाळ्या वाजवून घेतो. त्याला आवाज आहे, माणसं त्याचं ऐकतात, हे त्याला ज्या जागेनं शिकवलं ती जागा तुमच्या संघामुळं तयार झाली आहे. तेवढ्यासाठी शिक्षक म्हणून मी तुमची ऋणी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. या पोरांना तुम्ही घोषणा द्यायला बोलावता, झेंडे बांधायला बोलावता, चषक जिंकला की मिरवणुकीत पुढं नाचायला बोलावता. पण संघाच्या कारभारात त्यांचं नाव कुठंच नसतं. सदस्यांच्या वहीत नाही, बैठकीत नाही, निर्णयात तर नाहीच. आणि एखाद्या सामन्यात दगड आला, बाटली आली, की सगळे मिळून म्हणतात, पोरांना जबाबदारीची जाणीव नाही. ज्याच्याकडं काहीच सोपवलेलं नाही त्याला जबाबदारी कळणार कशी? म्हणून मागणं आहे की त्यांना संघाचे रीतसर सदस्य करून घ्या, त्यांच्या हाती खरी कामं द्या आणि त्यांचा एक प्रतिनिधी तुमच्या कमिटीत बसवा.

हे पत्र कोल्हापूरबाहेरही वाचलं जाईल, म्हणून दोन शब्द आपल्या फुटबॉलविषयी. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी, जुना बुधवार, ऋणमुक्तेश्वर. यातला एकही संघ आयएसएलमध्ये खेळलेला नाही, आय-लीगमध्येही नाही. देशाच्या व्यावसायिक फुटबॉलच्या नकाशावर त्यांना जागा नाही. ज्या तालमींच्या हौद्यात कुस्ती घुमली त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग झाली की पुढं चषकांचे सामने सुरू होतात, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पेठांचा दिवस स्टेडियमच्या वेळापत्रकावर चालतो. टीव्हीवरचे मोठे करार नाहीत, कुठल्या उद्योगसमूहाचा कायमचा हात पाठीवर नाही. तरीही बड्या संघांच्या सामन्याला गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

याच पोरांनी विश्वचषकाच्या वेळी चौकाचौकात मेस्सी-नेमारचे कटआऊट उभे केले. रात्री दोन वाजता ती मोबाइलवर चॅम्पियन्स लीग बघतात. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा तिकिटांचे भाव बघून बहुतेकांनी मनातला विचार मनातच ठेवला. जगातलं सर्वांत उत्तम फुटबॉल खिशात असताना हीच पोरं दुपारच्या उन्हात तापलेल्या पायरीवर येऊन बसतात. कारण समोर खेळणारा लेफ्ट बॅक त्यांच्या गल्लीत राहतो. सकाळी त्याला दुधाची पिशवी घेऊन जाताना त्यांनी बघितलेलं असतं. तो चुकला तर संध्याकाळी चौकात त्याच्याशी भांडता येतं, आणि भांडून झाल्यावर त्याच्याच गाडीवर मागं बसून घरी जाता येतं. बार्सिलोनाच्या खेळाडूशी असं नातं जडत नाही.

या नात्याची किंमत कळायची असेल तर आपल्याच राज्यात बघा. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये मालकांनी संघ बंद केला. पुण्यात पुणे एफसी २००७ मध्ये आला, आय-लीगमध्ये चांगला खेळला आणि २०१५ नंतर त्या लीगमध्ये दिसला नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये होता. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आयएसएलबरोबर जन्मला आणि २०१९ मध्ये गेला. या संघांकडं पैसा होता, परदेशी प्रशिक्षक होते, बालेवाडीसारखं मैदान होतं. प्रेम करणारे प्रेक्षकही होते. पुणे सिटीच्या पाठीराख्यांनी स्वतःला ऑरेंज आर्मी असं नाव दिलं होतं. पण मालकांनी हिशेबाची वही मिटली तेव्हा त्या प्रेक्षकांना विचारायला कुणी गेलं नाही, कारण विचारावं असं त्यांचं संघात काहीच नव्हतं. संघाची जागा हैदराबादला गेली आणि बालेवाडीला घोषणा देणारी पोरं दुसऱ्या हंगामात कुणासाठी ओरडायचं, या विचारात राहिली.

ते साल २०१९, महिना ऑगस्ट. त्याच ऑगस्टमध्ये आपल्याकडं पंचगंगेचा पूर पेठांत शिरला होता. तुम्ही सगळ्यांनी बघितलं आहे, मी नव्यानं सांगायला नको. नदीकाठच्या घरांतून म्हातारी माणसं पाठीवर घेऊन बाहेर कुणी आणली? शाळांमध्ये आणि मंगल कार्यालयांत पूरग्रस्तांना रात्री दीड वाजता जेवण कुणी वाढलं? तालमीची, मंडळाची हीच पोरं होती. गॅलरीत एकमेकांच्या नावानं घोषणा देणाऱ्या पेठांची पोरं एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी होती. २०२१ च्या पुरात आणि करोनाच्या दोन वर्षांत पुन्हा तेच बघितलं. त्या वेळी कुणी त्यांना बेजबाबदार म्हटलं नाही. त्या वेळी त्यांच्या हातात काम होतं, कुठं किती माणसं अडकलीत याची यादी होती, आणि आपण गेलो नाही तर कुणीच जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. फुटबॉलच्या हंगामात त्यांना यातलं काही मिळत नाही. फक्त गॅलरी मिळते.

त्याच महिन्यातली एक गोष्ट इंग्लंडमधली आहे. मँचेस्टरजवळ बरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब १८८५ चा. १९०० आणि १९०३ मध्ये त्यानं एफए कप जिंकला होता. मालकाच्या कारभारात क्लब कर्जात बुडाला आणि लीगनं मुदत दिली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गावातली शेकडो माणसं झाडू, फडकी आणि बादल्या घेऊन गिग लेन या मैदानावर आली, शनिवारचा सामना होईल या आशेनं त्यांनी खुर्च्या पुसल्या, गॅलऱ्या झाडल्या. त्याच रात्री, २७ ऑगस्ट २०१९ ला, क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. माणसं रडली आणि कामाला लागली. त्यांनी नवा क्लब काढून खालच्या श्रेणीतून सुरुवात केली, मैदान परत मिळवलं, गावातल्या पाठीराख्यांचे दोन गट एकत्र आले आणि २०२३ मध्ये गिग लेनवर बरीचा संघ पुन्हा उतरला.

इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींच्या खाली जे फुटबॉल चालतं त्याला नॉन-लीग म्हणतात. आपल्या फुटबॉलशी त्याचं जवळचं नातं आहे, असं मला सारखं वाटतं. तिथंही एका गावाचा, एका वस्तीचा संघ असतो, खेळाडू दिवसा नोकरी करतात, मैदानाला लागून घरं असतात, आणि चहाच्या टपरीवर क्लबच्या सेक्रेटरीचीच बायको किंवा भाऊ उभा असतो. २०१० पासून तिथं वर्षातला एक शनिवार नॉन-लीग डे म्हणून पाळतात. वरच्या दोन श्रेणींचे सामने नसतात तेव्हाचा दिवस धरून मोठ्या क्लबच्या चाहत्यांना सांगितलं जातं, आज आपल्या गावच्या संघाला बघायला जा. त्या दिवशी कितीतरी क्लब तिकीट स्वस्त करतात, मुलांना फुकट सोडतात. ज्या पोरानं टीव्हीवर पन्नास सामने बघितले पण खेळाडूच्या बुटाला लागून उडालेला चिखल कधी अंगावर घेतला नाही, त्याला तो तिथं पहिल्यांदा मिळतो.

पण मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते तिथल्या सभासदांकडं. २००२ मध्ये लंडनचा विम्बल्डन क्लब उचलून दूरच्या मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मालकांना मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. खेळाडू निवडण्यासाठी विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर जाहीर चाचणी घेतली. नवव्या श्रेणीतून सुरू झालेला तो क्लब २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडची मालकी अमेरिकी कुटुंबाकडं गेल्यावर नाराज झालेल्या पाठीराख्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. तिथं सभासदाला एकच मत, मग तो कमी पैसे देवो की जास्त. दहा वर्षांत त्यांनी स्वतःचं मैदान उभं केलं. ससेक्समधल्या लुईस या क्लबची मालकीही सभासदांकडं आहे, आणि २०१७ मध्ये त्यांनी महिला आणि पुरुष संघांना सारखा पैसा द्यायचं ठरवलं. हा निर्णय एखाद्या मोठ्या श्रीमंत क्लबनं आधी घेतला नाही, सभासदांच्या छोट्या क्लबनं घेतला, याचा मला विशेष आनंद वाटतो.

आपल्या तालमी कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या पेठेच्या आहेत. म्हणजे विम्बल्डनच्या माणसांना जे नव्यानं उभारावं लागलं ते आपल्याकडं आजोबा-पणजोबांनी करून ठेवलं आहे. फक्त त्या मालकीत सतरा वर्षांच्या पोराला अजून कुणी वाटा दिलेला नाही.

आता गॅलरीतल्या वाईटाविषयी लिहिते. ते टाळून हे पत्र खरं होणार नाही. पेठापेठांतली ईर्षा हा आपल्या फुटबॉलचा श्वास आहे, आणि ती राहावी असंच मला वाटतं. पण ईर्षेची हुल्लडबाजी होते तेव्हा सामना थांबतो, पोलिस मैदानात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात खेळाची बातमी तळाला जाते. आमच्या शाळेच्या मुलींच्या संघाला मी एकदा सामना दाखवायला नेलं होतं. मुली हौसेनं आल्या होत्या. आमची गोलकीपर तर समोरच्या गोलकीपरच्या हातांकडंच बघत बसली होती, चेंडू पकडताना तो अंगठे कसे ठेवतो ते शेजारणीला दाखवत होती. हाफटाइमच्या आधी त्या गोलकीपरच्या आई-बहिणीवरून घोषणा सुरू झाल्या. कुठल्या संघाचे पाठीराखे होते ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघाचे असते. मुली काही बोलल्या नाहीत. आमची गोलकीपर उठली, तिच्या मागोमाग सगळ्या उठल्या आणि आम्ही बाहेर आलो. एफसी कोल्हापूर सिटी २०१९ आणि २०२० मध्ये इंडियन वुमेन्स लीगमध्ये खेळून आला, या शहरातल्या मुली त्या पातळीवर पोचतात, आणि त्याच शहराच्या स्टेडियममध्ये मुलीला पूर्ण सामना बघता येत नाही. याची लाज तुम्हाला आणि मला सारखीच वाटायला हवी.

दगड मारणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण ती त्याच्यावर व्हावी. हजार पोरांमधल्या पाच जणांनी केलेल्याची शिक्षा हजारांना मिळते तेव्हा उरलेल्यांना वाटतं की नीट वागून उपयोग काय. आणि गुन्हा दाखल होतो तेव्हा काय होतं, ते शाळेत आमच्यापुढं येतं. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं पहाटे उठून भरतीसाठी धावतात ते तुम्हाला माहीत आहे. पोलिस भरती, अग्निवीर भरती, त्यांचं सगळं लक्ष तिकडं लागलेलं असतं. अठरा पूर्ण झालेल्या पोराचं नाव एकदा दंगलीच्या कलमाखाली आलं की चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो कागद पुढं येतो. दोन वर्षं घाम गाळलेला पोरगा तिथं अडतो. गर्दीत उभा होता म्हणून नाव आलं, की खरंच दगड मारला, हे कळायला कोर्टाच्या तारखा लागतात आणि तोवर भरतीचं वय निघून जातं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी रात्री पोलिस ठाण्यात जाऊन अशी पोरं सोडवून आणली आहेत. ती धडपड सामन्याच्या आधी केली तर?

कशी, ते सांगते. प्रत्येक संघाच्या पाठीराख्यांत आठ-दहा पोरं अशी असतात की त्यांनी हात वर केला की गॅलरी गप्प होते. घोषणा तेच सुरू करतात. स्टेडियमबाहेर रद्दी पेटवून तिच्या धगीवर हलगीचं कातडं तापवणारा, बोटानं टिचकी मारून आवाज चढला की नाही ते कान लावून बघणारा पोरगा त्यांतलाच असतो. हलगी केव्हा वाजायची, केव्हा थांबायची, हे त्याच्या हातात असतं. या पोरांना संघाचं जॅकेट द्या, ओळखपत्र द्या आणि गॅलरी त्यांच्या नावावर करा. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही संघांच्या अशा पोरांना एका टेबलाभोवती बसवा. कोण कुठल्या गेटनं येणार, सामना संपल्यावर कोण आधी निघणार, कुठल्या घोषणा चालणार नाहीत, हे त्यांनाच ठरवू द्या. पोलिसांच्या शिट्टीनं जे होत नाही ते गल्लीतल्या मोठ्या भावाच्या एका नजरेनं होतं.

आई-बहिणीच्या घोषणा बंद करणं हेही त्यांच्याच हातात आहे. तुम्ही फक्त एवढं करा की तुमच्यापैकी कुणी त्या घोषणांना हसणार नाही. पोरं तुमच्या चेहऱ्याकडं बघत असतात.

माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. मागच्या वर्षीच्या उरलेल्या फुलस्केप वहीत तो सामन्यांची नोंद ठेवतो. तारीख, संघ, गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला, पास कुणाचा, कार्ड कुणाला. गोल निळ्या पेनानं, स्वयंगोल लाल पेनानं. पेनल्टी हुकली तर त्यापुढं चेंडू कुठल्या बाजूनं बाहेर गेला त्याचा छोटा बाण. एका पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पंचांचा निर्णय बरोबर होता, मी नीट बघितलं.' तो निर्णय त्याच्या लाडक्या संघाच्या विरोधात गेला होता. ती वही मी हातात घेतली तेव्हा मला वाटलं, आपल्या संघांनी आजवर किती सामने खेळले, कुणी किती गोल मारले, जुन्या फोटोंत मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण उभा आहे, याची नोंद किती तालमींकडं नीट आहे? म्हातारे खेळाडू आज आहेत, उद्या नसतील. त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जातील. हे काम पोरांना द्या. फोनवर रेकॉर्डिंग करणं, फोटो स्कॅन करणं, यूट्यूबवरच्या प्रक्षेपणाला धावतं वर्णन देणं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा छान येतं. तालमीच्या एका भिंतीवर त्या मुलानं काढलेला हंगामाचा तक्ता लागला तर तो पुढची वीस वर्षं त्या तालमीला सोडून जाणार नाही, हे मी शिक्षक म्हणून सांगते.

आणि पंच. फुटबॉलचे नियम सतरा आहेत. गॅलरीतल्या बहुतेकांना ऑफसाइड आणि हँडबॉल एवढे दोनच माहीत असतात, तेही अर्धे. चेंडू हाताला लागला की पेनल्टी, असं धरून शिव्या सुरू होतात. पाठीराख्या पोरांसाठी पंचांचा वर्ग घ्या. त्यांतले पाच-सहा जण तरी पुढं परीक्षा देऊन शिट्टी हाती घेतील, शालेय सामन्यांना पंच मिळतील. बाकीच्यांना पंचाचं काम किती अवघड आहे ते तरी कळेल. एकदा रेषेवर झेंडा घेऊन पळालेला पोरगा पुन्हा लाइन्समनवर बाटली फेकणार नाही.

बाहेरून आणलेल्या खेळाडूंविषयी तुमच्यात मतभेद आहेत, मला त्यात पडायचं नाही. मुंबई-गोव्याचे, आफ्रिकेतले खेळाडू आले तेव्हा आपल्या पोरांना वेगळा खेळ बघायला मिळाला, हेही खरं. पण पेठेतला अठरा वर्षांचा पोरगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहतो आणि त्याचे मित्र गॅलरीतून त्याला बघत राहतात, तेव्हा त्या मित्रांच्या मनात काय येतं तेही कधी विचारा. अनिकेत जाधव या शहरातून जाऊन २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या दिवसांत माझ्या वर्गात फुटबॉल खेळतो म्हणून सांगणाऱ्या मुलांची मान वेगळीच होती. आपल्यातलाच एकजण तिथवर गेला, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. संघाचा पैसा कुठून येतो, बाहेरच्या खेळाडूवर किती जातो, चौदा-सोळा वर्षांखालच्या संघावर किती जातो, हे पाठीराख्या सदस्यांपुढं वर्षातून एकदा मांडा. पोरं प्रश्न विचारतील. काही प्रश्न टोचतील. पण हिशेब माहीत असलेला पोरगा वर्गणी मागायला दारोदार जाईल, तेव्हा त्याच्या आवाजात वेगळा जोर असेल.

सदस्यत्वाची रक्कम कमी ठेवा, शाळकरी पोराला खाऊच्या पैशातून देता येईल इतकी. पण घ्या. फुकट मिळालेल्या कार्डाची किंमत राहत नाही. पावती द्या, तिच्यावर तालमीचा शिक्का हवा आणि पोराचं पूर्ण नाव हवं. मुलींनाही सदस्य करून घ्या, आणि गॅलरीत त्यांची जागा कुठं असावी हे त्यांनाच विचारा. कमिटीत जो प्रतिनिधी घ्याल तो पोरांनी निवडलेला असू द्या. तुमच्या पुतण्याला नेमलंत तर पोरांना पहिल्याच दिवशी कळेल.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, बाई, ही पोरं आज आहेत, उद्या पुण्याला नोकरीला जातील, यांच्यासाठी एवढं कशाला? जातातच, मला माहीत आहे. माझे कितीतरी विद्यार्थी हिंजवडीत आहेत, चाकणला आहेत, दोघंतिघं दुबईत आहेत. सामन्याच्या दिवशी ते फोनवर लाइव्ह लावून बसतात आणि गोल झाला की घर असो, ऑफिस असो, ग्रुपवर मेसेज टाकतात. संघाला नवे बूट घ्यायचे असतात तेव्हा पहिले पैसे त्यांच्याकडूनच येतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यांना सदस्य करून घेतलं असतं तर त्यांनी नुसते पैसे पाठवले नसते, सल्लाही दिला असता. त्यांतला कुणी आज क्रीडा वैद्यकात आहे, कुणी हिशेब तपासतो, कुणी कॅमेरा चालवतो.

एकाच तालमीनं हे सुरू केलं तरी बाकीच्या बघतील. ईर्षा इथंही कामाला येईल. फुलेवाडीनं पाठीराख्यांची नोंदणी केली असं कळलं तर शिवाजी पेठ मागं राहणार नाही, आणि शिवाजी पेठेनं केली तर मंगळवार पेठ गप्प बसणार नाही. असोसिएशनलाही मग सगळ्या संघांसाठी एक नियमावली करता येईल. पण सुरुवात तालमीत व्हायला हवी, कारण पोरं तालमीचं ऐकतात.

खेळाडू नोंदणीच्या आधीच्या एखाद्या रविवारी तुमच्या तालमीत या पोरांची बैठक बोलवा. खुर्च्या कमी पडल्या तर सतरंजी अंथरा, पण त्यांना उभं ठेवू नका. त्यांना आधी बोलू द्या. पहिला अर्धा तास तक्रारीच असतील, त्या ऐकून घ्या. वहीत नावं लिहायचं काम त्यांच्यातल्याच कुणाला द्या. पंचांच्या वर्गासाठी आमच्या शाळेचा हॉल रविवारी सकाळी नऊ ते बारा मिळेल, मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवलं आहे. फळा आहे, प्रोजेक्टर आहे, मैदानही मोकळं असतं. शिकवायला एखादा अनुभवी पंच तुम्ही आणा, पोरं गोळा करायचं माझ्याकडं लागलं. आमच्या मुलींचा संघही त्या वर्गाला येणार आहे. तारीख कळवा.

आपली,
शिवाजी पेठेतली एक शिक्षिका